पहिल्या तारखेची नळी

प्लेट उलटी करून तिनं जांभळं पाणी सिंकमध्ये ओतलं, नळाच्या बारीक धारेखाली तिच्यातल्या चोवीसही चिमुकल्या वाट्या धुतल्या आणि प्लेट टिपकागदावर तीनदा आपटली. मग खिडकीशी जाऊन ती उजेडात धरली.

ज्या वाट्यांत पेशी जगल्या होत्या त्यांचा तळ सलग जांभळा होता. जिथं विषाणूनं पेशी मारल्या होत्या तिथं पांढरी भोकं पडली होती, कसर लागलेल्या शालीला पडावीत तशी. ही भोकं मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा, हे तिचं गेल्या दीड वर्षाचं काम. माणसाच्या रक्तातलं सीरम आणि विषाणू एकत्र करून पेशींवर सोडायचे आणि चार दिवस वाट बघायची. रक्तात विषाणूला आवरणारी प्रतिपिंडं असली तर भोकं पडत नाहीत, नसली तर तळाची चाळण होते. मोजणीत तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. म्हणून सगळे तिला मोजणीबाई म्हणत, आणि ती वरवर नाक मुरडत असली तरी तिला ते आवडायचं.

आज एका ओळीपाशी मात्र तिची मोजणी थांबली. पहिली वाटी सलग जांभळी होती. शेजारच्या वाटीत त्याच नळीतलं सीरम होतं, फक्त त्यात औषध घातलेलं होतं, आणि तिची पार चाळण झाली होती. तिनं प्लेट फिरवून कडेचा क्रमांक वाचला. क-सहा. क म्हणजे कर्मचारी, आणि सहा म्हणजे ती स्वतः.

"काय मोजणीबाई, अडकलात कुठं?" मागून काकांनी विचारलं.

काका लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि रोज सकाळी ते उरलेले दिवस फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. आत्ता ते त्याच औषधाची बाटली उघडत होते. उघडण्याआधीच त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं, कारण त्या औषधाला नासक्या अंड्यांचा वास यायचा आणि हवा खेचणाऱ्या कपाटात ठेवूनही तो थोडाफार बाहेर पडायचाच.

"अडकले नाही. नळी बदलली असेल असं वाटतंय."

"तुमच्या हातून? मग आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा." बूच घट्ट बसवून काकांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. "आणि काय हो, इतक्या जवळ उभ्या आहात, नाकाला रुमालसुद्धा नाही! तुमच्या नाकाचा एकदा जाहीर सत्कार करायला हवा."

"सवय झाली," ती म्हणाली.

हे ती गेलं वर्षभर म्हणत आली होती.

त्या औषधाचं काम एकच. ते रक्तातल्या एका जातीच्या प्रतिपिंडांना मोडून टाकतं आणि बाकीच्यांना हात लावत नाही. प्रतिपिंडं काही सगळी एका साच्यातली नसतात. लॅब बघायला पाहुणे आले की लॅबच्या प्रमुख मॅडम फळ्यावर चित्र काढून हे समजावत. लागण झाली की आधी 'एम' पुढं सरसावतात. आकारानं मोठी, दहा हातांची. एकेका हाताची पकड ढिली असते, पण दहाही हातांनी मिळून विषाणूला धरलं की त्याला पेशीत शिरता येत नाही. काही आठवड्यांत ती ओसरतात. त्यांच्या मागोमाग 'जी' वाढतात, लहान, नेमक्या जागी पकडणारी, महिनोन्महिने टिकणारी. आणि 'ए' असतात ती नाकाघशात, लाळेत, दाराशीच विषाणूला अडवणारी.

मॅडमचं चित्र पुसलं गेलं की काका तेच दोन मिनिटांत उरकायचे. "एम म्हणजे लग्नघरात सगळ्यांच्या आधी येऊन धावाधाव करणारा पाहुणा. जी मागून येतो, पण भांडी घासून, खोल्या झाडून, सगळं आवरून राहतो. आणि ए म्हणजे दारात खुर्ची टाकून बसलेला मामा, नको त्याला बाहेरच्या बाहेर कटवणारा." पाहुणे घरी जाताना काकांचं लग्नघरच लक्षात ठेवून जात.

औषध न घालता आणि घालून, दोन्ही वाट्यांचा तळ सलग राहिला, तर विषाणूला आवरलं ते जीनं. म्हणजे लागण जुनी. औषध घातल्यावर चाळण झाली, तर काम एमचं होतं. म्हणजे लागण ताजी, दोन आठवड्यांच्या आगेमागे झालेली. हे ती झोपेतही सांगू शकली असती.

तिनं वही उघडून क-सहाच्या नळ्यांची ओळ लावली. लॅबमधले सहाही जण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रक्त आणि लाळ देत आले होते. त्या वेळी तपासायला ना माणसं होती ना सामान, म्हणून नळ्या नुसत्या गोठवून ठेवल्या होत्या. आता मॅडमनी त्या बाहेर काढायला सांगितल्या होत्या. एका माणसाच्या रक्तात कोणती प्रतिपिंडं कोणत्या महिन्यात कामाला येतात, हे त्यांना दाखवायचं होतं. क-सहाच्या आधीच्या नळीत काहीच नव्हतं, दोन्ही वाट्यांची चाळण. या नळीत एम. पुढच्या नळीत दोन्ही वाट्या सलग आणि लाळेत ए. पुस्तकात छापावी अशी ओळ होती. मॅडम खूश झाल्या असत्या.

फक्त ही नळी ज्या पहिल्या तारखेची होती, तो महिना बाबांचा होता.

त्या महिन्याच्या तारखा तिला पाठ होत्या. चौथ्या तारखेला दुपारी धाकटा भाऊ घरी आला. सहाला बाबांना ताप चढला. आठला तिनं धाकट्याला घराबाहेर काढलं. एकोणिसाला बाबा गेले.

धाकटा लांब पल्ल्याच्या बसवर चालक होता. पंधरा दिवस रस्त्यावर, दोन-तीन दिवस घरी, असं त्याचं चाले. त्या दिवसांत बसमधून रोज पन्नास माणसं चढत-उतरत, खोकत, शिंकत, आणि हा तिघांच्या घरात तसाच येऊन बाबांच्या पलंगावर बसला. निदान तिला तो तसाच आलेला दिसला. आठ तारखेला बाबांच्या तपासणीचा कागद हातात पडला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि धाकटा बाहेरच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होता.

"तू आणलंस हे," ती म्हणाली होती.

तो वर बघायला लागला तशी ती आणखी बोलली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ती इतरांच्या बाबतीत म्हणायची. त्या दिवशी तिच्या जिभेला हाड नव्हतं. जगभरची घाण घेऊन घरात शिरतोस. म्हाताऱ्या माणसाची तुला पर्वा नाही. बाबांचं काही बरंवाईट झालं तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. आतल्या खोलीतून बाबा खोकत "अगं, अगं" म्हणत राहिले. धाकट्यानं आत जाऊन कपडे पिशवीत कोंबले, पॉलिश झालेला एक बूट आणि न झालेला एक बूट असे दोन्ही पायांत घातले आणि गेला. त्याची तपासणी झाली की नाही हेही तिनं कधी विचारलं नाही.

तिची झाली होती आणि तीत काही निघालं नव्हतं. त्यानंतर अकरा दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून बाबांची सेवा केली. त्यांचं अंग पुसलं, त्यांना चमच्यानं भरवलं, शेवटचे तीन दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसली, आणि तिला साधी शिंकही आली नाही. आत्या सगळ्यांना फोन करून सांगायची, पोरगी बघा कशी जपून राहते, नाहीतर तो मुलगा! तिला स्वतःलाही तसंच वाटायचं. आपण काळजी घेतो, हात धुतो, तोंडावरचं फडकं काढत नाही, म्हणून आपल्याला झालं नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि दुःखातसुद्धा तो तिला आधारासारखा उपयोगी पडला होता.

तिला तेव्हा झालं नाही कारण तिला आधीच होऊन गेलं होतं. दारात मामा खुर्ची टाकून बसला होता.

आदल्या महिन्याच्या शेवटी शेवटी दोन दिवस घसा खवखवला होता, तेवढंच तिला आठवत होतं. लॅबमधलं थंड हवेचं यंत्र बाधलं असेल म्हणून तिनं मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या होत्या. आणि आणखी एक गोष्ट होती, ती तर तिला त्याच वेळी कळायला हवी होती. लागण झाल्यापासून ताप यायला बहुतेकांना पाच-सहा दिवस लागतात, काहींना नऊ-दहा. दोन दिवसांत कुणी तापत नाही, असं म्हटलं तरी चालेल. हे ती त्या काळात घाबरून फोन करणाऱ्या किती जणांना शांतपणे समजावत होती! साऱ्या शहराचे दिवस तिनं बोटांवर मोजून दिले आणि स्वतःच्या घरातले चार ते सहा हे दोन दिवस मोजले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"काका," ती म्हणाली, "ही ओळ तुम्ही एकदा मोजाल का?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, प्लेट उजेडात धरली आणि ओठ हलवत मोजलं. त्यांचा आकडा तिच्याहून एकानं कमी आला.

"झकास आहे की," ते म्हणाले. मग त्यांनी कडेचा क्रमांक वाचला. काकांना तारखा माहीत होत्या. बाबांच्या वेळी तेच दवाखान्यात डबा घेऊन आले होते. त्यांनी प्लेट हळूच टेबलावर ठेवली.

मॅडमच्या खोलीत ती बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"घरच्यांच्या पेटीत माझ्या भावाची नळी आहे. ती आत्ता काढता येईल का?"

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांचं रक्त वेगळ्या पेटीत ठेवलेलं असे आणि ज्याच्या घरचं त्यानं ते तपासायचं नाही, असा नियम होता. धाकट्याचं रक्त तिनंच काढलं होतं. बाबा गेल्यावर नवव्या दिवशी, बाबांच्या संपर्कातल्या माणसांच्या यादीत त्याचं नाव होतं म्हणून, ती सामानाची पेटी घेऊन डेपोतल्या चालकांच्या खोलीवर गेली होती. त्यानं बाही वर केली. तिनं पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. लाळेसाठी कापसाचा बोळा दिला. सुई काढल्यावर "दाबून धर" एवढंच ती बोलली. नळीवर क्रमांक घातला आणि पेटीत टाकली. ती तपासायची घाई तिला कधीच वाटली नाही. उघड गोष्ट होती, तपासायचं काय त्यात!

"काढता येईल," मॅडम म्हणाल्या. "पेटी पुढच्या आठवड्यात उघडायचीच होती. पण काका करतील, तुम्ही नाही."

"हो."

मॅडमनी तिच्या वहीतली ओळ वाचली होती. त्या थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या.

"एक सांगते, मोजणीबाई. रक्त आपल्याला कधी झालं ते सांगतं. कुणाकडून कुणाला गेलं ते सांगत नाही. दूधवाला असेल, शेजारी असतील, औषध आणून देणारा असेल. आपण असं काही लिहीत नाही."

"लिहीत नाही," ती म्हणाली.

नंतरचे चार दिवस तिनं इतरांच्या प्लेट्स मोजल्या. आकडे बरोबर आले. काकांनी धाकट्याची प्लेट इनक्युबेटरमध्ये खालच्या फळीवर मागं ठेवली होती आणि तिला ती कुठं आहे हे ठाऊक होतं. दार उघडताना ती वरच्या फळीकडंच बघायची. तिला काय हवं होतं हे तिला नीट कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती. त्या नळीत काहीतरी निघावं असं तिला वाटत होतं. थोडा एम, थोडा जी, काहीही. म्हणजे दोघांनीही आणलं असं म्हणता आलं असतं.

पाचव्या दिवशी काकांनी प्लेट धुतली, उजेडात धरली, आणि न मोजता तिच्याकडं दिली.

सगळ्या वाट्यांची चाळण झाली होती. औषध घातलेल्या, न घातलेल्या, सगळ्या.

"लाळेतही काही नाही," काका म्हणाले. "अगदी कोरा. त्याला तेव्हा झालंच नव्हतं."

तो घरी आला त्याला चोवीस दिवस झाल्यावर घेतलेलं रक्त. त्याला लागण झाली असती तर तोवर एम आणि जी दोन्ही असते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, आणि वर अकरा महिने त्याचा फोन उचलला नव्हता. पहिल्या दोन महिन्यांत त्यानं तीन वेळा केला होता, मग बंद केला.

काकांनी तिच्या हातातून प्लेट काढून घेतली. "आज लवकर जा," ते म्हणाले. "उरलेली भोकं मी मोजतो. एखादं इकडंतिकडं होईल, तेवढं सांभाळून घ्या."

डेपोत ऊन तापलं होतं. बसगाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि डांबरावर तेलाचे डाग चकाकत होते. तिनं खिडकीतल्या माणसाला विचारलं, त्यानं हातानंच सातव्या फलाटाकडं दाखवलं. धाकटा चाकावर एक पाय ठेवून उभा होता आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यानं बाहेरचा आरसा पुसत होता. तो बारीक झाला होता. डोक्यावरचे केस मागं सरकले होते, अगदी बाबांचे सरकले होते तसे. आरशात त्याला ती आधी दिसली, मग त्यानं वळून पाहिलं.

"ताई," तो म्हणाला.

तिनं वाटेत सगळं जुळवून आणलं होतं, काय बोलायचं, कुठून सुरू करायचं. ते सगळं त्या एका हाकेसरशी गेलं.

"गाडी कितीची?"

"साडेतीनची. अजून वीस मिनिटं आहेत." तो चाकावरून उतरला. "आत्या बरी आहे ना?"

"आत्या बरी आहे." तिनं खांद्यावरची पर्स या हातातून त्या हातात घेतली. "तुझं रक्त तपासलं आज. त्यात काही नाही. तुला झालंच नव्हतं."

"हं."

"माझ्यात आहे. पहिल्या तारखेला दिलेल्या रक्तात. तू यायच्या आधीच्या."

आरशाच्या कोपऱ्यात एक डाग राहिला होता. त्यानं तो बोळ्यानं घासला, मग नखानं खरवडला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"डेपोनं तेव्हा सगळ्या चालकांचं रक्त तपासून घेतलं. तू माझं रक्त घेऊन गेलीस ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. माझ्यात काही निघालं नाही. कागद दिला होता त्यांनी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?" त्यानं बोळा चुरगळून खिशात घातला. "घरात आपण तिघंच होतो. बाबा गुडघ्यांपायी दारापर्यंतही जायचे नाहीत. मी नाही म्हटल्यावर उरतं कोण?"

शेजारच्या फलाटावरची बस मागं घेत होते. मागच्या माणसानं पत्र्यावर थापा मारल्या, बस थांबली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"मॅडम म्हणतात, कुणाकडून आलं ते रक्तावरून सांगता येत नाही. दूधवालाही असेल."

"असेल," तो म्हणाला. लगेच म्हणाला, जणू ही शक्यता त्यानं आधीपासूनच तिच्यासाठी काढून ठेवली होती. मग बुटाच्या टोकानं एक खडा बाजूला सारत तो पुढं बोलला. "तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं होतं गं. मी घरी यायच्या आधीच्या आठवड्यात. 'तुझ्या ताईनं आज दूध करपवलं, सगळ्या मजल्यावर वास सुटला, शेजारीण धावत आली आणि ही शेगडीशी उभी, हिला पत्ताच नाही!' किती हसत होते. डेपोतला डॉक्टर प्रत्येकाला विचारत होता, वास जातो का, वास जातो का. तेव्हा मला ते दूध आठवलं."

तिला ते आत्ता आठवलं. काळं झालेलं पातेलं, बाबांचं हसणं, शेजारणीनं उघडलेल्या खिडक्या. आपलं लक्ष नव्हतं, असं ती म्हणाली होती. पातेलं घासायला तिला दोन दिवस लागले होते, आणि या सगळ्यात ज्या एका गोष्टीचं तिला नवल वाटायला हवं होतं ती सोडून बाकी सगळं तिच्या लक्षात राहिलं होतं.

"मी तुला काय काय बोलले," ती म्हणाली. "तू एकदा तरी सांगायचंस. माझ्या तोंडावर फेकायचास तो कागद."

"फेकणार होतो. कागद घेऊन निघालोही होतो एकदा. राग काय कमी होता? अजून आहे थोडा, खोटं कशाला बोलू." त्यानं मान खाली घातली. "पण तू रोज तिथंच जायचीस. रोज तीच भोकं मोजायचीस. हे कळल्यावर कशी मोजली असतीस तू? माझं काय, मी बस चालवतो. रस्ता समोर असतो, त्यात बाबा कुठं मध्ये येत नाहीत."

तिला रडू आलं. फलाटावर, लोकांसमोर, सामानाच्या बोचक्यांमध्ये उभं राहून ती रडली आणि तिनं डोळे पुसले नाहीत. एक प्रवासी तिकिटाचं विचारायला जवळ आला आणि दोघांकडं बघून आल्या पावली परतला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"बरं," धाकटा म्हणाला. तो चढून चालकाच्या दाराशी गेला आणि वरून हात पुढं केला. "आत ये. उन्हात नको उभी राहूस. अजून आठ मिनिटं आहेत."

चालकाच्या जागेमागच्या बाकावर ती बसली. समोर काचेवर चढलेली धूळ होती, डब्याची पिशवी होती, आणि त्याच्या आसनाच्या पाठीला बाबांचा तपकिरी मफलर बांधलेला होता. उन्हाळ्यातही गळ्यात असायचा तो. बाबा गेल्यावर तिनं सगळं घर धुंडाळलं होतं, दवाखान्यात दोनदा जाऊन विचारलं होतं, आणि शेवटी तो कुणीतरी कचऱ्यात टाकला असेल असं धरून चालली होती.

"हा तुझ्याकडं होता?"

"त्या दिवशी पिशवीत आला चुकून." तो किल्ली लावत होता, त्यानं मागं बघितलं नाही. "म्हणजे चुकून नाही. बाबांनीच टाकला पिशवीत. मी आतल्या खोलीत माझे कपडे घेत होतो तेव्हा."

त्यानं गाठ सोडून मफलर तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी चेहऱ्याशी नेला आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. लोकरीचे बारीक केस नाकाला लागले. त्याखेरीज काही आलं नाही.

तो आता वळून तिच्याकडं बघत होता.

"येतो वास?"

हो म्हणणं सोपं होतं. काकांना ती वर्षभर तसंच काहीतरी म्हणत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "येत नाही. तेव्हापासून मला कशाचाच नीट येत नाही."

कंडक्टरनं मागून दोनदा घंटी वाजवली. धाकट्यानं हात बाहेर काढून त्याला थांब म्हणून खूण केली आणि इंजिन चालू केलं. सगळी बस जागच्या जागी थरथरायला लागली.

"अगं, परवाच धुतलाय मी तो," तो इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "कुणालाच यायचा नाही."

तिनं मफलर मांडीवर पसरला आणि त्याची घडी घालायला घेतली. मानेपाशी यायचा तिथं मळाची काळसर रेघ तशीच होती, वर्षभराची, बोटाला चिकट लागणारी. ती रेघ आत जाईल अशी तिनं घडी घातली.

"हो," ती म्हणाली. "स्वच्छ निघालाय."